नवी चेन, जुने दात

सोमवार, ७ सप्टेंबर १९८१. तेरावा दिवस.

हजर: पार्वती वहिनी. तुझी सुमन आणि जावई विनायक, प्लेन दे पपायहून पहिल्या बसने. तुकाराम काका, शमें ग्रेनिएहून, तीन बसेस बदलून, हातात अळूची जुडी घेऊन. मी आणि लीला. तुझ्या सायकलच्या दुकानाला लागून बसणारा शिंपी सलीम. पलीकडच्या घरातली मादाम रोझ, चर्चमध्ये मासला घालते तो काळा झगा घालून. आणि भटजी. एकूण नऊ.

यादीत पहिलं नाव सवयीने तुझंच लिहिलं, दादा. चतुर्थीची असो, सुमनच्या लग्नाची असो, आपल्या घरच्या प्रत्येक यादीचं पहिलं नाव तू होतास, कारण प्रत्येक यादीतलं सगळ्यात जड काम तुझ्याकडे असायचं. एका रेघेने खोडलं. पान फाडलं नाही. माझ्या वहीतलं पान मी कधी फाडत नाही, हे तुला माहीत आहे.

या वहीला तू आयुष्यभर हसलास. मी कारखान्यातून घरी येताना तुझ्या दुकानाशी थांबलो की तू मान वर न करता सलीमला सांगायचास, "आला बग, मिस्ये लालिस." यादीवाले साहेब. सलीम सुई तोंडात धरून हसायचा. सांत्र द फ्लाकच्या अर्ध्या बाजाराला माझं खरं नाव माहीत नाही, ते तुझ्यामुळे. आज जेवणं झाल्यावर सलीम जाताना माझ्याजवळ थांबला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "बे, मिस्ये लालिस..." आणि टोपी नीट करत निघाला.

तुला वाचता येत नव्हतं. म्हणून तुला लिहून काही सांगण्याची वेळच कधी आली नाही. आता लिहितो आहे, कारण हे मोठ्याने बोललो तर कोणीतरी ऐकेल.

आपला वाद वीस वर्षं चालला, आणि तो चेनवरून होता. लोक जमिनीवरून भांडतात. आपण सायकलच्या चेनवरून भांडलो.

माझं म्हणणं सरळ होतं. साखर कारखान्याच्या भांडारात मी चोवीस वर्षं काढली. तिथे यंत्राचा पट्टा तुटायची वाट बघत नाहीत. अमुक हंगाम झाले की पट्टा उतरवतात, नवा चढवतात, वहीत खूण करतात. ऐन कूपमध्ये, सगळ्या बेटावर ऊसतोड चालू असताना, एक पट्टा तुटला तर गाड्यांची रांग फाटकाबाहेर जाते. म्हणून मी तुला सांगायचो, गिऱ्हाइकांची एक वही कर. कोणाची चेन कधी घातली ते लिही. दोन वर्षं झाली की त्याला बोलाव. लिहायला मी येतो.

तू म्हणायचास, "शांतू, चेनला कॅलेंडर कळत नाय. तिला विचारायला लागतं."

आणि तू विचारायचास. पायडलच्या मोठ्या दातेरी चाकावर, पुढच्या बाजूला, चेन चिमटीत धरून ओढायचास. जागेवरून हलली नाही तर गिऱ्हाइकाला परत पाठवायचास. थोडी उचलली गेली तर नव्या चेनींचा डबा उघडायचास. आणि चेनखाली दाताच्या टोकाशी उजेड दिसला तर सायकल उलटी करून मागच्या चाकावरच्या लहान दातेरी चक्राचे, फ्रीव्हीलचे, दात एकेक करून अंगठ्याने तपासायचास. चांगला दात दोन्ही बाजूंनी सारखा उतरतो. झिजलेला एका बाजूला वाकतो, ऊसतोडीच्या कोयत्यासारखा. तू मला तो दाखवला होतास तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि तू सतरा. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. तू शाळेत कधी गेलाच नाहीस आणि मला मात्र सायकलच्या मागे बसवून रोज शाळेत सोडायचास, मग शेतावर जायचास. त्या दिवशी चेन उडाली होती. मी मागे पुस्तकं धरून पडलो होतो, गुडघा फुटला होता. तू माझा गुडघा धुतलास, मग सायकल उलटी केलीस आणि म्हणालास, "हिकडे बग. हा बग, वाकलाय. नवी चेन जुन्या दातावर बसत नाय. चढते आणि उडते. चेन आणि दात एकमेकांबरोबर झिजतात. वेळेत एकीला बदल, नायतर सगळ्यांना बदल. मधलं काय करू नको."

मधलं काय करू नको. हे मी पस्तीस वर्षं ऐकत आलो. तू ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचास, मराठीत, क्रेओलमध्ये, भोजपुरीत. मला ते तिन्ही भाषांत पाठ आहे.

पंच्याहत्तरच्या मोठ्या वादळात तुझ्या दुकानाचं छप्पर उडालं, भिंत बाकावर पडली आणि बाकाला बसवलेला, चाक आवळून धरणारा लोखंडी शिकंजा फुटला. तू नवा घेतला नाहीस. बसेस बंद होत्या, प्रत्येकाला सायकल हवी होती, तू बदामाच्या झाडाखाली पोतं अंथरून आठ दिवस सकाळपासून अंधार पडेपर्यंत बसलास. वहिनी शेजारी बसून घासलेटच्या डब्यात चेनी धुवायची, दात घासायची, चांगले एका बाजूला आणि वाकलेले दुसऱ्या बाजूला टाकायची. मी रजा टाकून तुझ्याकडे आलो आणि रांगेतल्या लोकांची यादी केली. तेव्हा एकदाच तू माझी यादी वापरलीस. संध्याकाळी म्हणालास, "कोरेक, बरोबर. आज तुज्यामुळे मारामारी झाली नाय." तेवढं मला पुढे सहा वर्षं पुरलं.

तुझ्या स्वतःच्या सायकलकडे मात्र तू बघत नव्हतास. गिऱ्हाइकांच्या सायकली आधी. चेन इतकी सैल झाली होती की तू अंगणातून बाहेर पडलास की ती चेनच्या झाकणावर आपटायची आणि लीला चूल सोडून न बघता सांगायची, दादा निघाले. मी तुला या जूनमध्ये म्हणालो, जुलैमध्ये म्हणालो. तू म्हणायचास, "चालतंय ना? एकमेकांना सांभाळून घेतायत. कशाला त्रास देतोस?" चतुर्थी झाल्यावर बघू, असंही म्हणालास.

दरवर्षी जुलैच्या शेवटी मी चतुर्थीची यादी करतो. नारळ, गूळ, तांदळाचं पीठ, दूर्वा, जाकडीच्या ढोलकीला नवी दोरी. आणि सगळ्यात वर: माती, दादा. आपल्या घरी गणपती विकत आणत नाहीत. आजोबांनी आणला नाही, बाबांनी आणला नाही. घरातल्या मोठ्याने नदीकाठी जाऊन माती खणायची, सायकलवर घालून आणायची, भिजवायची, मळायची, आणि घरीच मूर्ती करायची. तुझ्या गणपतीची सोंड दरवर्षी थोडी जाड व्हायची. सुमन लहान असताना विचारायची, बाबा, यंदा पण सूज आली का?

या वर्षी त्या यादीत मी दोन ओळी वाढवल्या. दादाची चेन. दादाचं फ्रीव्हील. पायडलचं दातेरी चाक जाड लोखंडाचं, ते अजून चालण्यासारखं होतं. फ्रीव्हील नव्हतं. ऑगस्टमध्ये एका शनिवारी बसने पोर्ट लुईला गेलो आणि दोन्ही वस्तू घेतल्या. मेणकागदात गुंडाळलेल्या. कपाटात, कपड्यांच्या मागे ठेवल्या. म्हणजे बघ, मला माहीत होतं. दोन्ही घेतल्या होत्या.

त्यापुढच्या शनिवारी, बावीस तारखेला, तू दुपारी देवळाच्या हॉलमध्ये जाकडीच्या तालमीला गेलास आणि सायकल घराच्या भिंतीला टेकवून गेलास. मी बाहेर आलो. सायकल उलटी केली. चेनचं झाकण काढलं. जुन्या चेनची जोडकडी उघडली, चेन उतरवली, अंगणात फरशीवर सरळ ठेवली आणि नवी तिच्या शेजारी ठेवली. कड्या मोजल्या, दोन्हींच्या सारख्या. तरी जुनी दीड कडी लांब निघाली. वहीत लिहिलं आहे: दीड कडी. एवढी लांब झालेल्या चेनखाली दात कसे असतील हे मला बघायचीही गरज नव्हती. तरी बघितले. चिंधीने पुसून बघितले. वाकलेले होते, एकूण एक.

मग फ्रीव्हील काढायला गेलो. त्याला दोन शिंगांचा पाना लागतो. तो तुझ्या दुकानात, आणि दुकानाची किल्ली तुझ्या खिशात. शिवाय शिकंजा नसल्यामुळे ते दोन माणसांचं काम, एकाने चाक धरायचं आणि दुसऱ्याने पाना फिरवायचा. तुला सांगितलं असतं तर गंमत गेली असती.

मी तिथे थांबायला हवं होतं. जुनी चेन परत चढवायची आणि सोमवारी दोन्ही कामं एकदम करायची. साधी गोष्ट आहे. भांडारात नवा पट्टा जुन्या पुलीवर चढवायला कोणी आला असता तर मी त्याला फाटकाबाहेर काढलं असतं. पण नवी चेन हातात होती, काळी, तेलाने चमकणारी, आणि यादीतली पहिली ओळ तीच होती. वीस वर्षांत पहिल्यांदा या वादात मी काहीतरी करून दाखवणार होतो. मी चेन चढवली. जोडकडी बसवली, क्लिपचं बंद तोंड चालीच्या दिशेला ठेवलं, तू शिकवलंस तसं. मागचं चाक ओढून ताण बसवला, मधोमध बोटाने दाबून अर्धा इंच खाली जाते का बघितलं. मग पायडल हाताने फिरवलं. एकदम गुळगुळीत, कुठेही आवाज नाही. वहीत पहिल्या ओळीपुढे खूण केली. दुसऱ्या ओळीपुढे लिहिलं, सोमवारी.

हातावर कुठलीच चेन उडत नाही, पायावर उडते. हेही तुझंच वाक्य.

रविवारी सकाळी आपल्या ऑगस्टची थंडी होती, दक्षिणेकडचा वारा होता. तू कानाला मफलर बांधून बाहेर आलास, मागे दोन पोती बांधलीस, कुदळ अडकवलीस. सायकल हलवलीस आणि थांबलास. आवाज आला नव्हता.

"लासेन नवी? चेन कोणी घातली?"

"मी."

"कधी?"

"तू जाकडीत नाचत होतास तेव्हा."

तू इतका हसलास की मादाम रोझ खिडकीत आली. तू तिला क्रेओलमध्ये सांगितलंस, की बघा, कारखान्याच्या साहेबांनी हात काळे केले, आता माझं दुकान बंद. मग घरात हाक मारलीस, "पार्वती, बग गो. तुज्या भावोजींनी बिसिकलेत दुरुस्त केली."

वहिनी दारात आली, म्हणाली, "मग आता तुमी कारखान्यात जा आनि साखर मोजा."

तू वाकून जोडकडी शोधलीस. "क्लिप?"

"बंद तोंड पुढे."

"कोरेक." मग तू सरळ उभा राहिलास. हे मी रोज आठवतो, म्हणून नीट लिहून ठेवतो. तू सरळ उभा राहिलास, हातमोजे नव्हते म्हणून हात काखेत घातलेस आणि विचारलंस, "दात बगितलेस?"

"बघितले."

"कसे हायत?"

"चांगले आहेत. अजून दोन वर्षं जातील."

मी असं का म्हणालो? पंधरा दिवस शोधतो आहे. वहिनी दारात होती, मादाम रोझ खिडकीत होती, तू हसत होतास, आणि मला एक दिवस हवा होता, फक्त सोमवारपर्यंत. सोमवारी काही निमित्त काढून किल्ली घ्यायची, दुपारी फ्रीव्हील बसवायचं, मग तुला सगळं सांगायचं आणि तुझ्या शिव्या खायच्या. एका दिवसाचा प्रश्न होता. नदी तर तीन किलोमीटर.

तू दहा वर्षं येणाऱ्या गिऱ्हाइकाच्याही शब्दावर विश्वास ठेवत नव्हतास. तुकाराम काका स्वतः शमें ग्रेनिएहून सायकल बसच्या टपावर टाकून घेऊन आले होते आणि म्हणाले होते, फक्त ब्रेक बघ, तर तू त्यांनाही बाजूला करून गुडघ्यावर बसलास. प्रत्येक सायकलच्या मागे तू वाकायचास. त्या दिवशी वाकला नाहीस. मला म्हणालास, "चला, निदान एक यादी कामाला आली," आणि निघालास. लीलाला कळलंही नाही तू कधी गेलास.

जाताना उतार आहे. येताना पुलापासूनच चढ. पोत्यांत ओली माती. तू पायडलवर उभा राहिला असशील. तू कधी उतरून सायकल ढकलत आणली नाहीस, देवाची माती आहे म्हणायचास, ढकलत काय आणायची.

ऊस घेऊन जाणाऱ्या लॉरीच्या ड्रायव्हरने तुला उचललं. तो तुला इस्पितळात पोचवून परत आला आणि सायकल आणि दोन्ही पोती आपल्या अंगणात उतरवून गेला, त्याबद्दल त्याचे आभार कोणी मानले नाहीत. मी फाटकाशी होतो. तो टोपी हातात घेऊन क्रेओलमध्ये म्हणाला, तो चढत होता, उभा होता, मी मागे होतो. एक आवाज आला. क्राक. मग पाय एकदम खाली गेला आणि तो पुलाच्या दगडावर पडला. मग त्याने विचारलं, तुम्ही भाऊ का? मी हो म्हणालो. तो आवाज त्याने आणखी कोणाला सांगितला असेल असं वाटत नाही. बाकी सगळे तेव्हा इस्पितळात होते.

मी सायकल बघितली. चेन जागेवर होती, क्लिप जागेवर होती. फ्रीव्हीलच्या तीन दातांच्या माथ्यावर नवे ओरखडे होते, चकचकीत, जिथून ती चढून उडाली. मी सायकल मागच्या पडवीत नेली आणि तिच्यावर गोणपाट टाकलं.

सोमवारी दुपारी भेटायच्या वेळेला तू शुद्धीत होतास. डोक्याला पट्टी, एक डोळा सुजलेला. वहिनी एका बाजूला, मी दुसऱ्या. वहिनीने विचारलं, "पडलात कसे?"

तू छताकडे बघितलंस. "वाळू होती. चाक घसरलं."

"पुलावर वाळू?"

"होती गो."

दादा, तुझ्या पायाखालचं चाक घसरलं का चेन उडाली, हे तुला कळलं नसेल? तू दुकानात बसून रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलच्या आवाजावरून सांगायचास की हिचा मागचा बेअरिंग गेला. सलीम तुझ्याशी पैज लावायचा आणि हरायचा. पायडल सुटणं आणि चाक घसरणं यात तुझी गफलत होईल? की डोक्याला मार लागल्यावर माणसाला शेवटचं काही आठवत नाही, डॉक्टर म्हणाले तसं? तुला खरंच वाळू आठवत होती? की तू मला बघितलंस, मी खाटेच्या दांड्याला धरून उभा होतो, आणि तू वाळू आणलीस?

मी विचारायला हवं होतं. वहिनी पाणी आणायला गेली होती, दोन मिनिटं आपण दोघंच होतो. मी तोंड उघडलं. तू आधी बोललास. "माती आली का घरी?"

"आली."

"भिजवून ठेव. सुकली तर तडे जातात."

हे तू मला शेवटचं बोललास. मंगळवारी तू डोळे उघडले नाहीस, बुधवारी सकाळी गेलास. माती मी मंगळवारी भिजवली होती, कारण ते यादीत होतं आणि तू सांगितलं होतंस. गेल्या बुधवारी चतुर्थी झाली. सुतकात घरी गणपती बसत नाही. मादाम रोझने कुंपणापलीकडून विचारलं, यंदा गणेश येणार नाही? मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, मग त्या टबात काय आहे? मी रोज सकाळी टबावरचं गोणपाट ओलं करतो. कशासाठी, ते विचारू नको. ती माती आता कोणाच्या कामाची नाही, आणि तिला तडेही जाऊ देता येत नाहीत.

लोक मला म्हणतात, शांताराम, तू होतास म्हणून सगळं वेळेवर झालं. खरं आहे. लाकडं, भटजी, बसचं आरक्षण, दहाव्याची भांडी, आजच्या पानांची संख्या, काही चुकलं नाही. लीला म्हणाली, तुम्ही एकदा तरी रडा. मी म्हणालो, बघू. रडलो तर ते तुझ्यासाठी असेल की माझ्या सुटकेसाठी, हे मला ठरवता येत नाही, म्हणून राहिलं आहे.

मला पुस्तकं धरून मागे बसवलंस, त्याच जोरावर मी भांडारात खुर्चीवर बसलो, वही घेऊन. तू उन्हात बसलास. मी तुला काय परत दिलं असं विचारलं, तर एक चेन. मनापासून दिली होती. हेही खरं आहे आणि त्याचा काही उपयोग नाही.

आज पानं उचलल्यावर वहिनीने विनायकला पडवीत नेलं. तो गावातून शेतावर चालत जातो, साडेतीन किलोमीटर. वहिनी म्हणाली, "सायकल तुमी न्या. त्यांनी असंच केलं असतं." विनायकने गोणपाट बाजूला केलं, हँडलवर हात ठेवला, पुसली. त्याला बसमध्ये आज नेता येणार नव्हती. तो म्हणाला, पुढच्या रविवारी येतो आणि चालवतच नेतो.

मी मध्ये पडलो. "आधी तपासायला हवी. मी तपासतो."

वहिनी म्हणाली, "काय तपासायचं? चेन तर तुमीच नवी घातली."

विनायकचं गाव उत्तरेला आहे, पण इथून तिथवर सपाट रस्ता कुठे आहे? रविवारपर्यंत सहा दिवस.

सगळे गेल्यावर मी कपाटातून फ्रीव्हील काढलं. मेणकागद अजून न उघडलेला. इस्पितळाने तुझे कपडे दिले त्यात दुकानाची किल्ली होती. आज दुपारी जाऊन दोन शिंगांचा पाना आणला. तो बाकाखाली खिळ्याला होता, तुझ्या हाताची जागा लाकडी मुठीवर काळी पडली आहे. सायकल अंगणात आणली. मागचं चाक काढलं. पाना खाचेत बसवला. चाक गुडघ्यांत धरून फिरवायचा प्रयत्न केला. चाकच फिरतं. वर्षानुवर्षं तुझ्या पायांनी आवळलं गेलेलं ते, एकट्याने निघत नाही.

वहिनी ओट्यावर बसून माझ्याकडे बघत होती. मग उठली, पदर खोचला, जवळ आली.

"द्या हिकडे. मी धरते. सहा वर्षं मीच धरलंय."

तिने हात पुढे केला. चाक असं धरायचं तर दात तिच्या डोळ्यांसमोर येतात. घासलेटच्या डब्यातून तिने किती दात काढून एका बाजूला आणि किती दुसऱ्या बाजूला टाकले, त्याला गणती नाही. तिला ओरखडे दिसले असते. मला काही सांगावंही लागलं नसतं.

मी चाक भिंतीला टेकवलं, दातांची बाजू भिंतीकडे केली आणि म्हणालो, "आज नको, वहिनी. आज तेरावा आहे. उद्या."

ती म्हणाली, "बरं. उद्या."

फ्रीव्हील, दादाचं. बसवायचं आहे.